क्लिफर्डचं यंत्र आणि डोरीनबाईंचं लग्न

आमच्या घरात तेव्हा सगळ्याला रॉकेलचा वास यायचा. कपड्यांना, अंथरुणाला, भाकरीलासुद्धा. स्वयंपाकघराच्या मधोमध रॉकेलचा हीटर, आणि आम्ही तिघं त्याच्या भोवती, शेकोटीला बसल्यासारखे. यॉर्कशरच्या डोंगरात अर्ध्या उंचीवर दगडी घरांची एक छोटी रांग होती. तीनच घरं. एक आमचं, मधलं डोरीनबाईंचं आणि तिसरं रिकामं, छप्पर खचलेलं. तिथून खाली मोठ्या रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दगडी भिंती घातलेली एक अरुंद गल्ली उतरायची. आबा लोकरीच्या गिरणीत कामाला होते. आधी ते एकटे आले, मग त्यांनी आईला आणि मला बोलावून घेतलं. मी आले तेव्हा इथलं शाळेचं वय उलटून गेलं होतं, म्हणून शाळेत कुणी घातलं नाही. गावाकडे चौथी झाली होती, तेवढ्यावरच माझं शिक्षण थांबलं. त्याचं मला वाईट वाटलं असं मी खोटं सांगणार नाही. घरात बसून मात्र जीव उबगून जायचा.

उबगलेली मुलगी घरातल्या वस्तू उघडून बघते. मी हीटर उघडला, वात कापली, परत बसवला. डोरीनबाईंचं कपडे पिळायचं रुळाचं यंत्र अडकत होतं, ते सोडवलं. आईला ते आवडायचं नाही. "हात बघ, लोहाराचे झालेत," म्हणायची. आबा मात्र अडवत नसत. ते स्वतः गावाकडे मोठ्या बागायतदाराच्या विहिरीवर इंजिन चालवायला होते, आणि मी लहानपणापासून त्यांच्या मागे तेलाची बुधली घेऊन फिरलेली. त्या इंजिनाचा ठेका मला आजही आठवतो. झोप लागत नाही तेव्हा तोच ऐकू येतो. लोकांना अंगाई आठवते, मला इंजिन आठवतं.

डोरीनबाई पन्नाशीच्या आसपास होत्या. गिरणीत विणकामाला. एक पाय लहानपणापासून आखूड, म्हणून काठी. बोलायला तिखट. मी इंग्रजी शिकले ती त्यांच्याकडूनच, त्यामुळे माझ्या इंग्रजीत चार शिव्या आधी आल्या आणि व्याकरण नंतर, ते अजून यायचंच आहे. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मातीच्या खोल ताटलीत मटणाचा पाय आणून दिला. पाय म्हणजे इथला, कणकेच्या झाकणाचा. आता, दुसऱ्याचं भांडं आपल्याकडे आलं की ते रिकामं परत द्यायचं नाही, ही आमच्यातली रीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. आईने ताटलीत कांद्याची भजी भरून पाठवली. डोरीनबाईंना वाटलं, आता आपल्यालाही काही द्यायला हवं. त्यांनी ताटलीत बन भरून पाठवले. आईने शेव. त्यांनी सफरचंदाचं पुडिंग. वर्षभर ती ताटली दोन घरांत येरझाऱ्या घालत होती, कारण थांबवायची कशी हे दोघींनाही कळत नव्हतं. शेवटी एकदा डोरीनबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, लव्ह, ही ताटली मी तिला दिली. कायमची. माझा कंबरपट्टा बसत नाहीये." आईने ताटली ठेवून घेतली आणि दुसऱ्या भांड्यातून पिठलं पाठवलं.

त्या हिवाळ्यात डोरीनबाईंचं लग्न ठरलं. नवरदेव स्टॅन, बसचा कंडक्टर. त्याने त्यांना पहिल्यांदा विचारलं होतं ते दोघं तरुण असताना. त्या हो म्हणाल्या, दिवस ठरला, आणि त्या गेल्याच नाहीत. अंथरुणाला खिळलेली आई होती, तिने त्या सकाळी छातीत दुखतंय म्हणून गळा काढला. स्टॅनने काही वर्षांनी पुन्हा विचारलं. पुन्हा दिवस ठरला, पुन्हा आईच्या छातीत दुखलं. ती म्हातारी त्या उन्हाळ्यात एकदाची गेली. स्टॅनने तिसऱ्यांदा विचारलं, पण या वेळी बजावून. "मी बारा वाजता रजिस्ट्रारच्या ऑफिसात बसलेला असेन. तू आलीस तर आलीस. नाहीतर चौथ्यांदा विचारणार नाही." डोरीनबाईंनी हे आम्हाला हसत हसत सांगितलं.

लग्न शनिवारी. गुरुवारपासून बर्फ. इथल्या लोकांना बर्फाची सवय असेल असं आम्हाला वाटायचं, पण दर वर्षी ते पहिल्यांदाच बघितल्यासारखे गोंधळतात, अजूनही. शुक्रवारी सकाळी गल्ली गुडघाभर भरली होती. आखूड पायाच्या बाईने त्यातून उतरायचं कसं? गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यालगत क्लिफर्ड राहायचा. गवत कापायची यंत्रं, मोटरी दुरुस्त करायचा. वीस वर्षं कॅनडात राहून परत आला होता आणि येताना बर्फ उडवायचं यंत्र घेऊन आला होता. स्नोब्लोअर. सगळं गाव त्याला हसायचं. आबा गिरणीतून येताना त्याच्या दारात गेले आणि शेजारणीच्या लग्नासाठी यंत्र मागितलं. क्लिफर्डने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "इंजिन कळतं?" आबा म्हणाले, "कळतं." "फिरत्या पात्यात हात घालायचा नाही. उद्या सकाळी परत. लग्नाला जाताना वाटेवर सोडा." एवढंच.

यंत्र लाल होतं. पुढे दात असलेल्या पात्यांचा रूळ, वर बर्फ फेकायचं वाकडं नळकांडं, मागे दोन मुठी. आई म्हणाली, "ही तर कडबाकुट्टी!" आणि खरंच, कडबा खाऊन बाजूला फेकावा तसं ते बर्फ खात होतं. आबांनी खालच्या अंगाने निम्मी गल्ली काढली, उरलेली मी. दोन्ही हातांतून जो थरथराट खांद्यापर्यंत चढतो तो मला फार आवडला. इतका आवडला की संपलेल्या जागीही मी एक फेरी जास्त मारली. संध्याकाळी यंत्र आमच्या पडवीत पोत्याखाली ठेवलं. टाकीत पेट्रोल तळाला गेलं होतं. सकाळी उतारावरून नुसतं ढकलत न्यायचं, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.

शनिवारी उठून दार उघडलं तर गल्ली नव्हतीच. नवा बर्फ थोडाच पडला होता, पण वाऱ्याने माळावरचा सगळा लोटून दोन भिंतींच्या मध्ये आणून भरला होता. काही ठिकाणी भिंतीच्या बरोबरीने. टेलिफोनची तारही तुटून लोंबत होती. म्हणजे स्टॅनला निरोपही देता येणार नव्हता. डोरीनबाई दारात उभ्या होत्या. निळा कोट, टोपीला कापडी फूल. गल्लीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आई असती तर खूश झाली असती."

आबा म्हणाले, "त्यांना सांग, मी पाठुंगळी घेतो." मी सांगितलं. डोरीनबाईंनी आबांच्या काडीसारख्या अंगाकडे बघितलं. "बारा स्टोन आहे मी." म्हणजे पाऊणशे किलो. "अर्ध्या वाटेत लग्नाऐवजी त्याची मयत होईल."

"यंत्र आहे की," मी म्हणाले आणि पोतं ओढून काढलं. दोरी खेचली. दुसऱ्या हिसक्याला चालू! आम्ही ओरडलोच. डोरीनबाईंनी काठी वर केली. मी मुठी धरून चार पावलं गेले असेन, नसेन, तोच इंजिन खोकलं. पांढरा धूर सोडला. परत खोकलं. बंद. मग मी खेचतेय, आबा खेचताहेत, परत मी. काही नाही. साडेनऊ वाजून गेले होते. आबा म्हणाले, "गारठलंय." मी म्हणाले, "गारठलं असतं तर चालूच झालं नसतं. चालू होऊन मेलं, म्हणजे दुसरं काहीतरी." ते माझ्याकडे बघायला लागले. बापाला असं उलट बोलायची पद्धत नव्हती. पण बरोबर होतं ते, आणि त्यांनाही कळलं.

आता माझी नात ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. ती काही बिघडलं की फोनमध्ये बघते. मला म्हणते, "आजी, तुला कोणी शिकवलं हे सगळं?" कुणी नाही. एक एक गोष्ट बाजूला काढत जायची. जी चांगली निघेल ती सोडायची, उरेल ती चोर. क्लिफर्डने मुठीला पाना अडकवून ठेवला होता. मी प्लग काढला. ओला चिंब. पदराने पुसला, परत वायरची टोपी लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि आबांना म्हणाले, खेचा. कडक निळी ठिणगी पडली, मला कोपरापर्यंत झटका बसला आणि मी डोरीनबाईंनी शिकवलेली एक शिवी त्यांच्याच समोर दिली. "शाबास," त्या म्हणाल्या. ठिणगी चांगली. मग उरलं तेल. टाकीचं झाकण काढलं. टाकी काठोकाठ भरलेली!

"आबा, तुम्ही भरलं?"

"नाही बा."

काल तळाला गेलेली टाकी आपोआप भरत नाही. मी नाक खाली नेलं. आमच्या घराचा वास आला. अंथरुणाचा, भाकरीचा.

आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "मी भरलं," ती म्हणाली. "हीटरच्या डब्यातलं. दुसऱ्याची वस्तू काय रिकामी परत द्यायची? तो माणूस काय म्हणेल?"

"अगं, पण रॉकेल!"

"मग? इंजिनात काय दूध घालतात? गावाकडं जन्मभर काय ओतलं या माणसाने? मीच डोक्यावरून डबे नेलेत विहिरीवर." तिने आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूहळू तिच्या तोंडाचा रंग गेला. "चुकलं का?" डोरीनबाईंना यातलं अक्षर कळत नव्हतं. त्या एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. "काय म्हणतेय?" मी म्हणाले, "काही नाही, तेल बदलायचंय."

खरं सांगायचं तर आईचं निम्मं बरोबर होतं. विहिरीवरचं इंजिन रॉकेलवरच चालायचं. पण ते चालू करायचं पेट्रोलवर. टोपणभर पेट्रोल, इंजिन तापलं की चावी फिरवून रॉकेल. आईने फक्त डबे बघितले होते, टोपण बघितलं नव्हतं. सकाळी यंत्र सुरू झालं ते नळीत राहिलेल्या कालच्या थेंबभर पेट्रोलवर. ते जळलं, थंड इंजिनात रॉकेल आलं आणि ते गुदमरलं.

टाकी बादलीत उपसली. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू काढून त्यातलं रॉकेल सांडलं. पण पेट्रोल? बर्फातून कोण कुठून आणणार? मी डोरीनबाईंना विचारलं. त्या आत गेल्या आणि लेमोनेडची बाटली घेऊन आल्या. कपड्यावरचे तेलाचे डाग काढायला विणकर बायका घरात पेट्रोल ठेवायच्या. अर्धी बाटलीही नव्हती. त्यात फार तर निम्मी गल्ली निघाली असती.

आबांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. दोघांच्या डोक्यात एकच आलं होतं, पण बोलले ते. "तापलं की पचवेल."

"हे ते इंजिन नाही, आबा."

"नसूं दे. भूक लागल्यावर कुठलंबी इंजिन खातंय. फक्त मधे थांबायचं नाही. थांबलीस की गार पडंल, आणि गार पडलं की मेलं."

मी प्लग चिमट्यात धरून गॅसवर लाल होईस्तोवर नाही, पण चटका बसेल इतका तापवला, धावत आणला, फडक्यात धरून बसवला. बाटलीतलं पेट्रोल टाकीत. दोरी. पहिल्याच हिसक्याला! आणि मी निघाले. बर्फ उडून डाव्या भिंतीपलीकडे पडत होता. पुढे आबा फावड्याने उंच ढिगारे खाली पाडत, मागे मी, माझ्यामागे डोरीनबाई, आबांचे गमबूट घालून, आणि त्यांच्यामागे आई, एका हातात नवरीचे पांढरे बूट आणि दुसऱ्या हातात रॉकेलने भरलेली चहाची किटली. वळणापाशी आबा मागे आले, त्यांनी किटली घेतली आणि चालत्या यंत्राच्या टाकीत बारीक धार धरली. चालत्या, तापलेल्या यंत्राच्या! आज घरातलं कुणी असं करताना दिसलं तर मी थोबाडीत देईन. पण त्या दिवशी मला भीती वाटली नाही. मला इतका आनंद कधी झाला नव्हता, लग्नातही नाही, पोरं झाली तेव्हाही नाही.

इंजिनाचा आवाज बदलला. टणटण वाजायला लागलं, ताकद उतरली, नळीतून पांढरा धूर निघाला. पण चाललं! "खातंय, खातंय!" आबा ओरडले. वाटेतल्या एका फाटकापाशी छातीएवढा ढीग होता. यंत्र त्यात घुसलं आणि आवाज खाली खाली जायला लागला. मी पाती फिरवायची दांडी सोडली, इंजिनाला दम घेऊ दिला, आवाज वर आला की परत दाबली. घास घास भरवावा तसं. एकदा ते इतकं दबलं की ठोके मोजता येत होते. मागून डोरीनबाई यंत्राला शिव्या घालत होत्या, आई मराठीत त्यालाच विनवण्या करत होती. कशाने ते मला माहीत नाही, पण ठोके परत वाढले. ढीग फुटला. पुढे उतारच उतार.

खाली क्लिफर्ड रस्त्यावर उभा होता. धुराचा ढग त्याला लांबूनच दिसला असणार. मी यंत्र त्याच्या पायाशी आणून थांबवलं आणि ते मेलं.

"काय घातलंयत त्यात?"

"पॅराफिन," मी म्हणाले. इथे रॉकेलला तेच म्हणतात.

त्याचं तोंड उघडलं. मग त्याने माझ्यामागे पाहिलं. गमबुटातली नवरी, वाकडी झालेली टोपी, किटली घेतलेला काळा माणूस, पांढरे बूट छातीशी धरलेली लुगड्यातली बाई. घड्याळात पाहिलं. पावणेबारा. बस चालू नव्हत्या. त्याच्या व्हॅनच्या चाकांना कॅनडातल्या साखळ्या होत्या. "बसा," तो म्हणाला. डोरीनबाई पुढे, आम्ही तिघं मागे दोन गवत कापायच्या यंत्रांमध्ये. वाटेत एक गाडी आडवी झाली होती, तिथे फार वेळ गेला. क्लिफर्ड संपूर्ण वाटेत एकदाच बोलला, मान न वळवता. "सोमवारी सकाळी ये. जे घाण केलंयस ते सगळं उघडून तू साफ करायचं." मी गेले. एकतीस वर्षं जात होते, पण ते इथे सांगत बसत नाही.

ऑफिसात पोचलो तेव्हा भिंतीवर बारा चाळीस झाले होते. रजिस्ट्रार दिवे बंद करत होता. बाकावर स्टॅन बसलेला, टोपी गुडघ्यावर, ओव्हरकोटाची सगळी बटणं लावलेली. त्याने डोरीनबाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, "सव्वाबारापर्यंतच थांबणार होतो." डोरीनबाई म्हणाल्या, "दिसतंय." त्यांनी तिथेच बाकावर बसून गमबूट काढले, आईने पांढरे बूट त्यांच्या पायात घातले.

साक्षीदार दोन लागतात. स्टॅनने आणलेला ड्रायव्हर वाट बघून निघून गेला होता. डोरीनबाईंनी आधी माझ्याकडे बोट केलं. मी पुढे झाले आणि चौथीत शिकवली तशी सही केली, आपल्या अक्षरात. रजिस्ट्रार वास घेत होता, त्याने खिडकी उघडली. मग डोरीनबाईंनी आईकडे बोट केलं. आई मागे सरली.

"मी नाही करणार."

"आई, सही येत नसली तरी फुली चालते."

"ते नाही. तिला माहीत नाही. मी ओतलं ते तिला सांग आधी. माझ्यापायी ही बाई तिसऱ्यांदा घरी बसली असती. न सांगता मी हात लावणार नाही." रजिस्ट्रार घड्याळ बघत होता. मी म्हणाले, नंतर सांगू. आई जागची हलली नाही. आबा खाली बघत होते.

म्हणून मी सांगितलं. आहे त्या इंग्रजीत. टाकी, रीत, रॉकेल, सगळं. डोरीनबाई ऐकत होत्या. स्टॅन ऐकत होता. माझं संपलं. मग डोरीनबाई आईकडे वळल्या, आणि तिला समजत नाही हे माहीत असूनही तिलाच सांगायला लागल्या, सावकाश, मोठ्याने.

"माझ्या आईने मला बावीस वर्षं अडवलं, आणि मरेपर्यंत कबूल केलं नाही. तू अडवलंस तीन तास." मग माझ्याकडे बघून, "हे नीट सांग तिला. आणि सांग, लेखणी हातात घे, रजिस्ट्रार जेवायला जायचं म्हणतोय."

मी नीट सांगितलं. आईने लेखणी मुठीत धरली, उलथनं धरतात तशी, आणि फुली मारली. इतक्या जोरात, की कागद पलीकडे फाटला.